कांटचा दुकानदार आणि आमचे दुकान: 'कर्तव्यापोटी' म्हणजे नेमके काय?

पाटीपेन्सिल

नमस्कार. मी दूरशिक्षणाने तत्त्वज्ञान विषयात एम. ए. करीत आहे आणि या सत्रात कर्तव्यवादी नीतिशास्त्राचा (म्हणजे कृतीची योग्यता परिणामांवरून नव्हे तर कर्तव्यावरून ठरवणाऱ्या विचाराचा) पेपर आहे. स्वाध्यायात मी एक वाक्य लिहिले होते: 'कांटच्या मते आनंदाने केलेल्या सत्कृत्याला नैतिक मूल्य नसते.' तपासून आलेल्या वहीत त्या वाक्याभोवती लाल वर्तुळ आहे आणि समासात नुसते प्रश्नचिन्ह आहे. खुलासा काही नाही.

माझी अडचण अशी की हे वाक्य मी मनाने रचलेले नाही. जर्मन तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कांट याच्या १७८५ मधील छोट्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणातून (मराठीत त्याचे नाव 'नीतीच्या तत्त्वमीमांसेची पायाभरणी' असे काहीसे होईल) मला हेच कळले होते. तेथे एका दुकानदाराचे उदाहरण आहे. तो अजाण गिऱ्हाइकाला जास्त भाव लावत नाही, सर्वांना एकच भाव ठेवतो आणि त्यामुळे लहान मूलही त्याच्याकडून निर्धास्तपणे खरेदी करू शकते. तरीही केवळ एवढ्यावरून तो कर्तव्यापोटी प्रामाणिक आहे असे म्हणता येत नाही, असे कांट म्हणतो. हे वाचताना मला हसू आले, कारण आमचे किराणा दुकान आहे आणि माझा निम्मा अभ्यास गल्ल्यावर बसूनच होतो.

परवा संध्याकाळी मागच्या गल्लीतली सहा-सात वर्षांची मुलगी पन्नासची नोट मुठीत चुरगळून अर्धा किलो साखर न्यायला आली. अण्णांनी (माझ्या वडिलांनी) नेहमीप्रमाणे आधी रिकामी पिशवी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला, मग साखर घातली, चिमूटभर जास्त पडली ती तशीच राहू दिली, उरलेले पैसे कागदाच्या पुडीत बांधून पुडीवर 'साखर २३, परत २७' असे लिहिले आणि जाताना तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मी त्यांना विचारले की तुम्ही हे का करता. ते एका दमात तीन गोष्टी म्हणाले: 'मापात पाप केले तर गिऱ्हाईक तुटते, शिवाय पोरगी गोड आहे, आणि लहान पोराला फसवायचे म्हणजे काय, ते बरोबर आहे का?'

माझे प्रश्न असे आहेत. हे तिन्ही हेतू एकत्र असताना कांट अण्णांना कोणत्या रकान्यात टाकील? ज्याला 'सूत्र' म्हणतात आणि ते सार्वत्रिक करून पाहायचे असते, ती कसोटी 'सगळेच असे वागू लागले तर काय होईल' या आपल्या रोजच्या प्रश्नापेक्षा वेगळी कशी? आणि 'निरुपाधिक आदेश' हा आदेश आहे, तर तो देतो कोण?

उंबरठा

पाटीपेन्सिल, तुमच्या परीक्षकांनी प्रश्नचिन्ह काढून सोडून दिले हे बरे केले नाही, पण प्रश्नचिन्ह योग्य जागी आहे.

कांटचे ते पुस्तक शुभ संकल्पापासून, म्हणजे योग्य तेच करण्याच्या इच्छाशक्तीपासून, सुरू होते. बुद्धी, धैर्य, चिकाटी, संपत्ती, आरोग्य, या सर्व चांगल्या गोष्टी आहेत; पण त्या वापरणारा संकल्पच वाईट असेल तर त्याच गोष्टी घातक ठरतात. थंड डोक्याचा बदमाश हा भडक डोक्याच्या बदमाशापेक्षा जास्त धोकादायक असतो. म्हणून कोणतीही अट न घालता चांगली म्हणता येईल अशी गोष्ट एकच, ती म्हणजे शुभ संकल्प. आता हा संकल्प कसा ओळखायचा, हे दाखवण्यासाठी तो काही उदाहरणे घेतो आणि दुकानदार हे त्यांतले पहिले. कांटच्या समग्र लेखनाच्या प्रमाण आवृत्तीच्या चौथ्या खंडात पृष्ठ ३९७ वर तो परिच्छेद आहे. तो पुन्हा एकदा सावकाश वाचावा अशी विनंती आहे, कारण त्यात तुमच्या अण्णांच्या तिन्ही उत्तरांना जागा आहे. जिथे उलाढाल मोठी असते तिथे शहाणा व्यापारी एकच भाव ठेवतो, हे झाले 'गिऱ्हाईक तुटते'. त्याला गिऱ्हाइकांबद्दल थेट जिव्हाळा असावा आणि त्या प्रेमापोटी तो कुणाला झुकते माप देत नसावा, असे मानायला आधार नाही असेही कांट तिथेच म्हणतो. हे झाले 'पोरगी गोड आहे'. आणि उरते ते कर्तव्य आणि प्रामाणिकपणाचे तत्त्व, म्हणजे 'ते बरोबर आहे का'.

कांटला दाखवायचे आहे ते एवढेच की कृती कर्तव्याला धरून असणे आणि ती कर्तव्यापोटी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींमध्ये अर्धा किलो साखरच दिसते. मग फरक दिसावा तरी कसा? त्यासाठी तो पुढे एका परोपकारी माणसाचे उदाहरण घेतो. या माणसाला दुसऱ्याला मदत करण्यात मनापासून आनंद वाटत असतो. पुढे त्याच्यावर दुःखाचे असे सावट येते की दुसऱ्याच्या वेदनेने त्याचे मन हलेनासे होते, आणि तरीही तो स्वतःला त्या बधिरतेतून ओढून काढून मदत करतो. इथे आवड गळून पडलेली असल्यामुळे कर्तव्याची जाणीव एकटी उभी दिसते. ही प्रयोगशाळेतल्यासारखी मांडणी आहे. रसायन वेगळे काढून दाखवले म्हणून ते मिश्रणात नव्हतेच, असे कुणी म्हणत नाही. आनंद होत असेल तर मूल्य नष्ट होते, असे त्या परिच्छेदात कुठेही नाही. आनंद नसता तरीही तुम्ही तेच केले असते का, एवढाच प्रश्न तिथे आहे.

हा गैरसमज मात्र जुना आणि प्रतिष्ठित आहे. कवी शिलरने त्यावर उपहासाच्या ओळी लिहिल्या, त्यांचा आशय असा: मित्रांची सेवा मी आवडीने करतो, म्हणून मी सद्गुणी नसल्याची खंत मला छळते, त्यावर उपाय एकच, त्यांचा तिरस्कार करायला शिकायचे आणि मग नाक मुरडत कर्तव्य करायचे. विनोद उत्तम आहे, पण तो कांटला लागू पडत नाही. १७९७ च्या 'नीतीची तत्त्वमीमांसा' या ग्रंथात त्याने सहानुभूती जोपासणे हेच एक अप्रत्यक्ष कर्तव्य मानले आहे आणि ज्या ठिकाणी दीनदुबळे असतात ती ठिकाणे, रुग्णांच्या खोल्या, कर्जदारांचे तुरुंग, मनाला त्रास होतो म्हणून टाळू नयेत असे सांगितले आहे. आवडीचा द्वेष करणारा माणूस असे लिहिणार नाही. कांटचे वडील घोड्यांचे साज बनवणारे कारागीर होते; कारागिराला आपले काम आवडते आणि तरी टाका चोख बसवायचा तो आवडीवर सोडून चालत नाही, हे त्याने घरातच पाहिले असणार, असे मला आपले वाटते. याला पुरावा मागू नये.

राहिला रकान्याचा प्रश्न. कांट अण्णांना कोणत्याच रकान्यात टाकणार नाही. त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला तो कबूल करतो की एखादी कृती निव्वळ कर्तव्यापोटी झाली, असे अनुभवाच्या आधारे एकाही बाबतीत खात्रीने सांगता येत नाही. कितीही कठोर आत्मपरीक्षण केले तरी आतून कुठेतरी तो 'लाडका मी' डोकावत असतोच. त्यामुळे हा भेद दुसऱ्याला गुण देण्यासाठी फारसा उपयोगाचा नाही. स्वतःला तपासण्यासाठी तो आहे.

काथ्याकूट

वरील विवेचन सुंदर आहे, पण मुलीच्या आईच्या दृष्टीने पाहिले तर पाचशे ग्रॅम म्हणजे पाचशे ग्रॅम. दुकानदाराच्या अंतःकरणात काय चालले आहे याच्याशी तिला काय करायचे आहे? कृतीची योग्यता तिच्या परिणामांवरून ठरवणाऱ्या जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्ववेत्त्याने हे सरळ सांगितले आहे: बुडणाऱ्याला वाचवणारा योग्यच कृती करतो, मग ती कर्तव्य म्हणून असो की बक्षिसाच्या आशेने, हेतूवरून फार तर माणसाची किंमत कळते, कृतीची योग्यता नव्हे. मला हे जास्त पटते. शिवाय वजने-मापे तपासणारा निरीक्षक दुकानात येतो तेव्हा तो काटा पाहतो, संकल्प पाहत नाही.

उंबरठा

काथ्याकूट, निरीक्षकाबद्दल आपले म्हणणे कांटलाही मान्य होईल. कायदा बाह्य कृतीपुरता असतो आणि हेतूची सक्ती करता येत नाही, ही विभागणी त्याने स्वतःच केली आहे. पण निरीक्षक वर्षातून किती वेळा येतो आणि मुलगी किती वेळा येते, याचा हिशेब आपणच करावा.

तळटीप

मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण परीक्षेत सर्वाधिक गुण तिथेच जातात.

कांट ज्याला सूत्र म्हणतो ते म्हणजे 'अमुक परिस्थितीत, अमुक हेतूने, मी अमुक करीन' असे कर्त्याने स्वतःसाठी मानलेले, बहुधा न उच्चारलेले तत्त्व. हा समाजाचा नियम नव्हे आणि म्हणही नव्हे. त्याच्या सार्वत्रिक नियमाच्या मांडणीचे मराठी रूप असे करता येईल: जे सूत्र सार्वत्रिक नियम व्हावे अशी इच्छा तुला त्याच वेळी करता येईल, केवळ अशाच सूत्रानुसार वाग.

तुमच्याच दुकानातले उदाहरण घेऊ, कारण कांटचे गाजलेले उदाहरणही उधारीचेच आहे. एक माणूस येतो आणि म्हणतो, 'वहीत मांडून ठेवा, पगार झाला की देतो.' पगार होणार नाही किंवा झाला तरी आपण देणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. त्याचे सूत्र असे: अडचण असेल तेव्हा, परत न करण्याच्या तयारीनेच, परत करण्याचे वचन देऊन मी माल नेईन. आता हे सूत्र प्रत्येक अडलेल्या माणसाचा नियम झाला अशी कल्पना करा. अशा जगात 'पगार झाला की देतो' हे शब्द उच्चारले तरी ते वचन ठरणार नाही. ऐकणारा हसेल आणि बरणीचे झाकण लावून टाकील. म्हणजे ज्या साधनाने त्याला आपला हेतू साधायचा होता ते साधनच त्याच्या सूत्राचा नियम होताक्षणी नाहीसे होते. फसवणूक चालते ती इतर लोक वचन पाळतात म्हणून; फसवणाऱ्याला नियम सर्वांसाठी हवाच असतो, फक्त अपवाद स्वतःपुरता हवा असतो.

आता फरक लक्षात घ्यावा. 'सगळ्यांनी उधारी बुडवली तर दुकाने बंद पडतील आणि समाजाचे नुकसान होईल' हा परिणामांचा युक्तिवाद झाला आणि तो काथ्याकूट यांच्या पक्षाचा आहे. कांटचा मुद्दा नुकसानीचा नाही, विसंगतीचा आहे: हे सूत्र नियम म्हणून कल्पिताच येत नाही. काही सूत्रे कल्पिता येतात पण इच्छिता येत नाहीत. 'कुणालाही मदत करायची नाही, प्रत्येकाने आपापले पाहावे' असे जग कल्पनेत उभे राहते, ते चालेलही, पण स्वतःला कधीतरी दुसऱ्याची गरज लागणारच हे जाणणाऱ्या माणसाला ते विवेकाने हवेसे म्हणता येणार नाही. या दोन प्रकारच्या विसंगतीतून कर्तव्यांचे दोन प्रकार निघतात. खोटे वचन न देणे हे पूर्ण कर्तव्य आहे, त्यात सवलत नाही. मदत करणे हे अपूर्ण कर्तव्य आहे, म्हणजे ते करायचे की नाही यात सूट नसली तरी कुणाला, किती, केव्हा हे ठरवायला वाव आहे. अण्णा एका अडलेल्या कुटुंबाला तीन महिने उधार देतात आणि दुसऱ्या कुणाला 'आता जमणार नाही' म्हणतात, यात त्यांचे काही चुकत नाही. पण एकाला पाचशे ग्रॅम आणि दुसऱ्याला चारशे ऐंशी देण्याची मुभा त्यांना नाही.

'जे आपल्याला नको ते दुसऱ्याला करू नये' हा सुवर्णनियम म्हणजेच कांट, असे उत्तरपत्रिकेत लिहू नये. कांटने एका तळटिपेत तो नाकारला आहे. त्या नियमावरून गुन्हेगारही न्यायाधीशाला म्हणू शकेल की तुम्हाला शिक्षा आवडली नसती, मग मला का देता.

कसोटी निर्दोष आहे असे मात्र मी म्हणणार नाही. 'गर्दी टाळण्यासाठी मी सकाळी सातला बाजारात जाईन' हे निरुपद्रवी सूत्र सार्वत्रिक केले की कोसळते, कारण सगळेच सातला आले तर गर्दी सातलाच होईल. उलट एखादा लबाड आपले सूत्र इतके बारीक विणू शकतो ('आषाढातल्या मंगळवारी, डाव्या हाताने, अमुक दुकानदाराला...') की ते सार्वत्रिक करूनही काही मोडत नाही. सूत्र कोणत्या पातळीवर मांडायचे, या प्रश्नावर कांटचे अभ्यासक अजून भांडतात. म्हणून मी स्वतः त्याच आदेशाच्या दुसऱ्या मांडणीकडे जास्त झुकतो: मनुष्यत्व स्वतःच्या ठायी असो वा दुसऱ्याच्या, त्याला नेहमी साध्यही मानून वागव, कधीही केवळ साधन म्हणून वागवू नकोस. यातला 'केवळ' विद्यार्थी गाळतात आणि मग सगळेच बिघडते. मुलगी साखर मिळवण्यासाठी अण्णांना साधन म्हणून वापरते, अण्णा पैसे मिळवण्यासाठी तिला वापरतात, आणि त्यात गैर काही नाही, कारण दोघांनाही व्यवहार जसा आहे तसा माहीत आहे व तो मान्य करता येण्याजोगा आहे. उधारी बुडवणारा मात्र अण्णांना अशा व्यवहारात ओढतो ज्याचे खरे रूप कळले असते तर त्यांनी संमती दिलीच नसती. काट्याखाली चुंबक लावणारा तेच त्या मुलीशी करतो.

वाटसरू

पूर्ण कर्तव्यात सवलत नाही, हे वाक्य तळटीप यांनी सहज लिहून टाकले आहे, पण कांटची खरी परीक्षा तिथेच होते. १७९७ मध्ये फ्रेंच लेखक बेंजामिन काँस्टंट याने आक्षेप घेतला की एका जर्मन तत्त्ववेत्त्याच्या मते, खुनी माणूस दाराशी येऊन 'तुझा मित्र घरात लपला आहे का' असे विचारीत असेल तरी त्याच्याशी खोटे बोलणे गुन्हा ठरेल. काँस्टंटचे म्हणणे होते की सत्य सांगण्याचे कर्तव्य ज्याला सत्याचा हक्क आहे त्याच्यापुरतेच असते. कांटने त्याच वर्षी उत्तर दिले आणि माघार घेतली नाही. त्याने उलट असे सुचवले की तुम्ही 'घरात नाही' म्हणालात आणि तेवढ्यात मित्र मागच्या वाटेने खरोखरच बाहेर पडलेला असला, खुन्याला तो रस्त्यात गाठ पडला, तर त्या मृत्यूची जबाबदारी तुमच्यावरही येऊ शकते. मला हा युक्तिवाद प्रथम वाचला तेव्हाही लंगडा वाटला आणि आजही वाटतो.

आपल्याकडे हाच प्रसंग महाभारताच्या कर्णपर्वात आहे आणि निकाल नेमका उलट आहे. कौशिक नावाचा ब्राह्मण नेहमी सत्यच बोलायचे व्रत घेऊन नद्यांच्या संगमाजवळ राहत होता. दरोडेखोरांच्या भीतीने काही लोक त्या रानात शिरले. पाठोपाठ दरोडेखोर आले आणि त्यांनी कौशिकालाच विचारले. त्याने खरे सांगितले, ते लोक मारले गेले आणि कौशिक नरकात गेला. ही कथा श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो ती वेळही पाहण्यासारखी आहे. गांडीव दुसऱ्याला दे असे जो म्हणेल त्याला मी मारीन, या आपल्या प्रतिज्ञेपायी अर्जुन युधिष्ठिरावर तलवार उपसून उभा आहे. न बोलून सुटका होत असेल तर बोलू नये, बोलणे भागच पडले तर तिथे असत्यच श्रेयस्कर, असे श्रीकृष्ण सांगतो आणि 'धारणाद्धर्ममित्याहुः' हे वचनही तिथलेच. धर्म म्हणजे जो प्रजेला धारण करतो तो, अशी व्याख्या एकदा केली की दरोडेखोराला वाट दाखवणे धर्मात बसत नाही. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात लोकमान्य टिळकांनी 'कर्मजिज्ञासा' प्रकरणात सत्याचे हेच अपवाद पाश्चात्त्य नीतिशास्त्रज्ञांची मते शेजारी ठेवून तपासले आहेत. ज्यांना मराठीतून हा वाद वाचायचा आहे त्यांनी सुरुवात तिथून करावी.

कर्तव्यवाद म्हणजे एकटा कांट, असेही समजू नये. डब्ल्यू. डी. रॉस या स्कॉटिश तत्त्ववेत्त्याने १९३० मध्ये वेगळा मार्ग काढला. वचन पाळणे, केलेल्या हानीची भरपाई, कृतज्ञता, न्याय, परोपकार, आत्मोन्नती आणि इजा न करणे, अशी सात प्रथमदर्शनी कर्तव्ये त्याने सांगितली. यांपैकी कोणतेही एक समोर असेल आणि दुसरे आड येत नसेल तर तेच आपले कर्तव्य. दोन भिडली तर मात्र कोणते भारी ते त्या प्रसंगापुरते, नीट विचार करून ठरवावे लागते. त्यासाठी तयार काटा नाही. मित्राला भेटायचे वचन दिलेले असताना वाटेत अपघातग्रस्तांना मदत करावी लागली तर वचन मोडणे योग्यच. पण मोडलेले वचन शून्य होत नाही, मित्राची क्षमा मागण्याचे देणे उरते. हे जे उरणे आहे ते मला फार खरे वाटते. कौशिकाच्या जागी उभे राहून मी खोटे बोलेन, आणि खोटे बोललो हेही विसरणार नाही.

तळटीप

वाटसरू, आपला आक्षेप मान्य आहे. कांटच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की तो प्रश्न त्याने मुद्दाम टोकाचा करून घेतला होता: जिथे गप्प बसता येत नाही, उत्तर द्यावेच लागते, अशी स्थिती त्याने गृहीत धरली आहे. मौनाला त्याची बंदी नाही, आणि तिथपर्यंत तो आणि कर्णपर्वातला श्रीकृष्ण एकाच वाटेवर आहेत. शिवाय त्याच्याच मनुष्यत्वाच्या मांडणीवरून खुन्याशी खोटे बोलण्याचे समर्थन करता येते, असे मानणारे कांटवादी अभ्यासकही आहेत. गुरूपेक्षा शिष्य थोडे मवाळ निघाले.

पाटीपेन्सिल

सर्वांचे मनापासून आभार. 'केवळ' हा शब्द मी खरोखरच गाळला होता. वही उघडून पाहिली.

तिसरा प्रश्न तेवढा राहिला. आदेश म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर शिक्का मारलेला कागद येतो. कर्तव्य म्हटले की 'कर्तव्यदक्ष अधिकारी' किंवा 'कर्तव्यावर असताना' हे शब्द येतात, आणि गीतेतला स्वधर्म येतो. वर्गातल्या एका मैत्रिणीने तर कांट म्हणजे जर्मन निष्काम कर्मयोग असेच लिहून टाकले आहे.

उंबरठा

तुमच्या मैत्रिणीला घाई झाली आहे, पण साम्य अगदीच नाही असे नाही. फळावर नजर ठेवून कृतीची योग्यता ठरवायची नाही, ही गोष्ट दोन्हीकडे आहे, आणि टिळकांनाही कांटशी जवळीक वाटली ती याच अंगाने. पण गीतेतला स्वधर्म ज्याचा त्याचा असतो. 'श्रेयान्स्वधर्मो विगुणः' (आपला धर्म उणा असला तरी तोच श्रेयस्कर) या वचनाला अर्थ येतो तो परधर्म नावाची दुसरी गोष्ट आहे म्हणून. कांटच्या निरुपाधिक आदेशात परधर्म संभवतच नाही. तो क्षत्रियाला वेगळा आणि वाण्याला वेगळा नाही. ज्याला विवेक आहे त्या प्रत्येकाला तो सारखाच बांधतो.

'आदेश' या शब्दाने मराठीत घोटाळा होतो हे खरे. एक साधा प्रयोग करून पाहा. 'गिऱ्हाईक टिकवायचे असेल तर माप चोख ठेव' हे वाक्य सोपाधिक आदेशाचे आहे. त्याचे सगळे बळ त्या 'तर'मध्ये आहे. समजा, अण्णांनी दुकान पुढच्या महिन्यात कायमचे बंद करायचे ठरवले आणि उरलेला माल विकायला काढला. गिऱ्हाईक टिकवायचे कारणच संपले, म्हणून तो आदेशही संपला. आता 'तर'पर्यंतचा भाग खोडून टाका. 'माप चोख ठेव' एवढेच उरते, आणि दुकान बंद व्हायच्या आदल्या संध्याकाळीही ते तितकेच लागू असते. निरुपाधिक म्हणजे एवढेच: ज्याला उपाधी, म्हणजे अट, जोडलेली नाही.

आणि तो देतो कोण, तर आपणच आपल्याला देतो. इथे कांटने जुनी चौकट उलटी केली. देव, राजा, परंपरा किंवा सुखाची ओढ, यांपैकी काहीही बाहेरून येऊन 'हे कर' म्हणत असेल तर ती परायत्तता झाली. विवेकी माणूस स्वतः नियमकर्ता असतो आणि स्वतःच त्या नियमाने बांधलाही जातो, याला तो स्वायत्तता म्हणतो. मन मानेल ते करणे म्हणजे स्वायत्तता नव्हे, कारण मनाच्या लहरी आपण निवडलेल्या नसतात.

या मुद्द्याकडे दुर्लक्ष केले की काय होते याचे एक भयंकर उदाहरण नोंदलेले आहे. ज्यूंना मृत्युछावण्यांकडे पाठवण्याची व्यवस्था पाहणारा नाझी अधिकारी अडॉल्फ आइकमन याने आपण कांटच्या कर्तव्यकल्पनेनुसार जगलो असे सांगितले होते, आणि १९६१ मध्ये जेरुसलेमच्या न्यायालयात न्यायाधीशांनी खोदून विचारल्यावर त्याने निरुपाधिक आदेशाची जवळजवळ बरोबर व्याख्याही सांगितली. तो खटला पाहणाऱ्या हॅना आरेंट यांनी दाखवून दिले की त्याने विवेकाच्या जागी फ्युररची, म्हणजे हिटलरची, इच्छा बसवली होती. कांटने मात्र १७८८ च्या 'व्यावहारिक विवेकाची चिकित्सा' या ग्रंथात याच्या नेमके उलट उदाहरण दिले आहे. राजाने फाशीची धमकी देऊन एका सज्जन माणसाविरुद्ध खोटी साक्ष मागितली तर तुम्ही काय कराल? नकार देऊच असे छातीठोकपणे कुणी सांगणार नाही, पण नकार देणे आपल्याला शक्य आहे हे प्रत्येकाला मान्य करावे लागेल, आणि त्या शक्यतेतच त्याला स्वतःच्या स्वातंत्र्याची ओळख पटते. वरून आलेला हुकूम आणि कर्तव्य या दोन गोष्टी समोरासमोर उभ्या राहू शकतात, हे दाखवणारे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही. अर्थात प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की राज्यसत्तेविरुद्ध बंड करण्याचा हक्क कांटने प्रजेला दिला नाही, त्यामुळे त्याच्यावरचा आज्ञाधारकतेचा आरोप सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही.

काथ्याकूट

माझा पक्ष मी सोडलेला नाही. पण दुकान बंद व्हायच्या आदल्या संध्याकाळचे उदाहरण मला काल रात्री बराच वेळ त्रास देत होते, हे नोंदवून ठेवतो.

पाटीपेन्सिल

ते उदाहरण मी अण्णांना तसेच्या तसे विचारले. त्यांनी आधी 'दुकान बंद करायचे कोण म्हणाले' म्हणून मलाच झापले आणि मग म्हणाले, 'शेवटच्या दिवशी काटा बदलतो का कोणी?' नंतर एक गिऱ्हाईक आले आणि विषय तिथेच राहिला.

स्वाध्याय सोमवारी पुन्हा द्यायचा आहे. वर्तुळातले वाक्य खोडून मी त्याजागी असे लिहिले आहे: 'कांटच्या मते केवळ आवडीपोटी केलेल्या सत्कृत्याला नैतिक मूल्य नसते, आवड सोबत असली तरी कृतीचा आधार कर्तव्याची जाणीव असेल तर त्या कृतीला नैतिक मूल्य आहे हे ओळखता येते.' हे चालेल का?

तळटीप

पूर्वार्ध उत्तम आहे. उत्तरार्धातले 'ओळखता येते' काढा आणि 'असते' लिहा. ओळखता येत नाही, हे उंबरठा यांनी वर सांगितलेच आहे.